अल्पिनियाची पट्ट्यापट्ट्याची पानं मे महिन्यात जळतात आणि चार वर्षांत एक फूल नाही, सोलापुरात हे झाड जमतं का कुणाला?

आसराचौकवाली

नमस्कार मंडळी, वर्षभर इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण चिपळूणला असते, तिच्या अंगणात अल्पिनिया आहे, नर्सरीवाले व्हेरिगेटेड जिंजर म्हणतात ना तेच. हळदीसारखी लांब पानं पण हिरव्यावर पिवळे पट्टे, कुणीतरी बसून ब्रशनं ओढल्यासारखे. तिच्याकडे ते एवढं माजलंय की विहिरीकडे जायची वाट अडते, आणि उन्हाळ्यात दांड्याच्या टोकाला झुपके लोंबतात, पांढऱ्या-गुलाबी कळ्या अगदी छोट्या शिंपल्यासारख्या, आणि उमललं की आत पिवळं नि त्यावर लाल रेघा. मी बघितलं आणि तिथंच ठरवलं की हे आपल्या दारात पाहिजे. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिनं गड्डा काढून दिला, गोणपाटात गुंडाळून एसटीनं मांडीवर घेऊन आले.

आता रडगाणं. झाड मेलं नाही, जगलंय, पण फूल एक नाही. चार वर्षांत एक सुद्धा नाही. आणि दरवर्षी मार्च संपता संपता पानं करपायला लागतात, मे पर्यंत अशी अवस्था होते की येणारेजाणारे विचारतात मेलं का ओ हे. पिवळा भाग आधी जळतो, पांढरट कागदासारखा होतो आणि मग तपकिरी. पाऊस पडला की परत नवीन पानं येतात आणि दिवाळीपर्यंत असं देखणं दिसतं की सगळं विसरायला होतं.

सावलीचं झाड आहे हे माहीत होतं म्हणून मुद्दाम घराच्या उत्तरेला भिंतीला लागून लावलंय, दक्षिणेचं ऊन अजिबात येत नाही. माती आपली काळीच, शेणखत घालते. पाणी रोज. नर्सरीवाल्यानं सांगितलं म्हणून डीएपी खत पण टाकलं दोनदा, फुलं येतील म्हणाला, आली नाहीत. आता काय करू? काढून टाकू का? काढवत पण नाही, बहिणीनं दिलेलं आहे.

कडकभाकरी

काढून टाका की ओ ताई, त्यात काय. चिपळूणचं झाड सोलापुरात, म्हणजे माशाला झाडावर चढवल्यागत. तिकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडं साडेपाचशे-सहाशे पडला तरी लोक पेढे वाटतात. पट्ट्याची पानंच पाहिजेत तर व्हेरिगेटेड तगर लावा, पांढरी फुलं बाराही महिने, नाहीतर पट्ट्याची बोगनवेल लावा, ती तर उन्हात जास्तच रंगते. आमच्या गच्चीवर पत्र्याशेजारी आहे, मे महिन्यात तिथं आम्ही चप्पल घातल्याशिवाय जात नाही पण ती खुशाल आहे. उगं दुसऱ्या गावच्या झाडाचे लाड कशाला.

चिकूखाली

ताई काढू नका!!! माझ्याकडे आहे सोलापुरातच, विजापूर रोडला, आणि फुलतं. दोनदा फुललंय. फोटो घरी गेले की टाकते.

माझं घराच्या पूर्वेला आहे, चिकूच्या झाडाखाली, बाथरूमचा पाइप जिथं बाहेर पडतो त्याच्या जरा पलीकडे, म्हणजे ओल राहते पण साबणाचं पाणी थेट पडत नाही. सकाळी दहा साडेदहापर्यंत कोवळं ऊन चिकूतून गाळून येतं, नंतर घराचीच सावली. लावल्यावर दोन वर्षं काही नाही, तिसऱ्या उन्हाळ्यात पहिला झुपका. मे मध्ये माझीही पानं थोडी करपतात कडेनं, अगदीच नाही असं नाही, पण तुम्ही सांगताय तसं नाही.

तुम्ही दांडे कापता का मधेअधे? हे आधी सांगा.

आसराचौकवाली

कडकभाकरी दादा, तगर आहे माझ्याकडे, बोगनवेलही आहे, कंपाउंडला. पण ते हे नाही ना.

चिकूखाली ताई, तुम्ही विचारलंत आणि मला जरा धस्स झालं. मी कापत नाही पण आमचे सासरे कापतात. दरवर्षी संक्रांतीनंतर, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की एक दिवस ते विळा घेऊन बागेत उतरतात. मूळचे सांगलीकडचे, घरची हळद होती, त्यांचं म्हणणं हे हळदीच्याच जातीचं आहे, हळदीचा पाला वाळला की कापायचा म्हणजे खाली गड्डा पोसतो. ते जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळं साफ करतात. मला वाटायचं बरोबरच असेल, त्यांना शेतीतलं कळतं, मला काय. ते चूक आहे का??

बॉटनीवाले काका

ताई, सापडलं तुमचं फूल कुठं जातंय ते. दरवर्षी जानेवारीत विळ्याखाली जातंय.

सासरेबुवांचा तर्क काही अगदीच वावगा नाही बरं का. आलं, हळद, वेलदोडा, सोनटक्का आणि हे अल्पिनिया, सगळी एकाच कुळातली. कुळ एक पण स्वभाव वेगळा. हळदीचा पाला आठ-नऊ महिन्यांत पिवळा पडून वाळतो, ती जमिनीखाली झोपते, म्हणून पाला कापला तर काही बिघडत नाही. अल्पिनिया झोपत नाही, ते सदाहरित आहे, त्याचा दांडा वर्षानुवर्षं हिरवा उभा राहतो. आणि महत्त्वाचं म्हणजे फूल येतं ते गेल्या वर्षीच्या दांड्याच्या शेंड्याला. यंदा पावसाळ्यात फुटलेला दांडा हिवाळा काढणार आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या टोकातून झुपका बाहेर येणार. तुमच्याकडे एकही दांडा दुसरा उन्हाळा बघतच नाही. मग फूल येणार कुठून? चार वर्षं काय, चाळीस वर्षं ठेवलंत तरी येणार नाही. डीएपीचं पोतं ओतलंत तरीही.

सोनटक्क्याचं उलटं असतं, त्याला त्याच वर्षीच्या दांड्यावर फूल येतं, म्हणून तो कापला तरी फुलतो. पुष्कळ लोकांचा इथं गोंधळ होतो.

कापायचा असेल तर फक्त तो दांडा कापायचा ज्याचं फूल येऊन गेलंय, कारण त्याला परत फूल येत नाही. तो मुळापासून काढला की नव्या फुटव्याला जागा होते. बाकी विळा अडगळीत ठेवा.

आणि ते डीएपी बंद. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्यात डीएपीतला फॉस्फरस वाढवला की लोह आणि जस्त झाडाला मिळायचं आणखी अवघड होतं. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट दिसतो का तुमच्या? पट्ट्याच्या पानात हे ओळखायला जरा कठीण जातं, पण जो भाग हिरवा असायला पाहिजे तोही पोपटी-पिवळट दिसत असेल तर लोहाची कमतरता समजा. साधं हिराकस टाकून उपयोग नाही, चुनखडीच्या मातीत ते दोन दिवसांत अडकून बसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे मातीत अडकू नये असं बनवलेलं, त्यात ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए नको, ते आपल्या मातीत टिकत नाही. प्रमाण पाकिटावर असतं तेवढंच, भाजीत मीठ घातल्यासारखं अंदाजानं नाही.

कडकभाकरी

घ्या. म्हणजे सासरेबुवाच फूल कापत होते चार वर्षं 😂 आता घरी सांगणार कोण?

आसराचौकवाली

तेच बघतेय. काका तुमची पोस्ट मोठ्या अक्षरात करून त्यांच्या मोबाइलवर पाठवते, मी सांगितलं तर ऐकणार नाहीत, कुणी बॉटनीवाले म्हणाले की ऐकतील.

पण काका, फुलाचं कळलं, जळण्याचं काय? उत्तरेला लावून सुद्धा का जळतं? सावलीतच आहे ना ते.

डाळिंबदादा

मी सांगोल्याकडचा, फुलझाडातलं मला काही कळत नाही, डाळिंब आहे. पण एक विचारतो, तुमच्या झाडाच्या पश्चिमेला काय आहे? आमच्याकडं डाळिंबाला चट्टा पडतो तो बहुतेक मावळतीकडच्या फळाला. सकाळच्या उन्हानं काही होत नाही, तेवढंच ऊन दुपारनंतर लागलं की फळ भाजतं. कारण सकाळी हवा गार असते, झाड पाणी पिऊन बसलेलं असतं. चार वाजता हवा बेचाळीस-त्रेचाळीस, जमीन तापलेली, वारा कोरडा, झाड दमलेलं, त्यात तिरपं ऊन थेट अंगावर. म्हणून आम्ही फळावर पांढरं कापड टाकतो. तुमचं पान तर फळापेक्षा नाजूक. उत्तर-दक्षिण सोडा, मावळती बघा.

आसराचौकवाली

पश्चिमेला मोकळा प्लॉट आहे ओ दादा! शेजारचा. काही नाही तिथं, नुसती वेडी बाभळ आणि कचरा. संध्याकाळी भिंतीवर ऊन येतं हे खरंय, आमच्या उत्तरेच्या खिडकीला उन्हाळ्यात पडदा लावावा लागतो. मी कधी झाडाशी त्याचा संबंधच लावला नाही.

बॉटनीवाले काका

दादा, तुम्ही फुलझाडातलं कळत नाही म्हणता आणि नेमकं बोट ठेवलंत. याला जरा भूगोलाची जोड देतो, कंटाळा आला तर पुढं सरका.

उत्तरेच्या बाजूला सावली असते हे आपण पुस्तकातून आणि नेटवरून उचललेलं आहे. ते विलायतेत बहुतांशी खरं, दिल्लीतही दुपारपुरतं खरं, आपल्याकडे फक्त हिवाळ्यात खरं. सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर. मार्चच्या २१ नंतर सूर्य उगवतो पूर्वेच्या उत्तरेला आणि मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणजे एप्रिलमध्ये दुपारी चारच्या पुढं उत्तरेच्या भिंतीवर ऊन यायला लागतं, तिरपं आणि थेट पानाच्या तोंडावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी खांबाची सावली खांबाच्या पायात. त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेकडून जातो. म्हणजे मे अखेरीस तुमची उत्तरेची बाजू हीच घराची उन्हाची बाजू झालेली असते आणि दक्षिणेच्या भिंतीला सावली! जून-जुलैत ढग असतात म्हणून जाणवत नाही. पण एप्रिल-मे कोरडे. ताईंनी मार्च संपताना करपायला सुरुवात होते म्हटलंय, ते हेच.

पिवळा भाग आधी जळतो कारण त्यात हरितद्रव्य कमी. पडलेलं ऊन वापरायला तिथं यंत्रणाच तोकडी आहे, मग तोच प्रकाश पेशी भाजतो. म्हणून पट्ट्याची झाडं त्यांच्या साध्या हिरव्या भावंडांपेक्षा हळू वाढतात आणि लवकर करपतात. पण म्हणून काळोखात ठेवायचं नाही, गडद सावलीत पट्टे फिके पडतात आणि फुलाचंही जमत नाही. सकाळचं ऊन पाहिजेच. चिकूखाली ताईंची जागा म्हणजे पाठ्यपुस्तकात छापावी अशी आहे.

चिकूखाली

अय्या, मी काही विचार करून लावलं नव्हतं हो काका, तिथं जागा होती म्हणून 🙈

अजून एक, मध्ये माझ्या झाडाला एक फुटवा अख्खा हिरवा आला होता, पट्टे नाहीतच. तो इतका जोरात वाढला की मला वाटलं वा वा. मग नर्सरीतल्या मावशींनी सांगितलं की तो काढ, नाहीतर तोच सगळं झाड खाऊन टाकेल आणि दोन वर्षांनी तुझ्याकडे नुसतं हिरवं उरेल. गड्ड्यापासून कापून काढला. ताई, तुमच्याकडे असा आला तर लोभ करू नका.

नवीन कुंडी

मधेच विचारते सॉरी, फ्लॅटच्या बाल्कनीत येईल का हे? बाल्कनी पश्चिमेला आहे.

कडकभाकरी

वर एवढं रामायण झालं आणि तुम्ही विचारताय पश्चिमेची बाल्कनी 😂

चिकूखाली

नवीन कुंडी, रागावू नका त्यांच्यावर. कुंडीत येतं पण मोठी पाहिजे, वीस लिटरच्या बादलीपेक्षा मोठी, नाहीतर गड्डा कुंडीला तडा देतो, माझी एक मातीची कुंडी गेलीय तशी. पश्चिमेला नका लावू. पूर्वेला खिडकी असेल तर ग्रिलमध्ये बघा. नसेल तर कडकभाकरींची बोगनवेल तुमच्यासाठीच आहे.

डाळिंबदादा

आसरा चौक ताई, पाणी कुठलं देता? बोअरचं का?

आसराचौकवाली

नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं दादा, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. झाडांना बोअर. आणि या अल्पिनियाला मी खास आरओचं वाया जाणारं पाणी देते, पाइप खिडकीतून बाहेर काढून सोडलाय थेट बुंध्यात, म्हणजे पाणीही वाया जात नाही आणि त्याला दिवसभर ओल राहते. ही आयडिया मला फार आवडली होती 😐 तुमचा प्रश्न वाचून आता शंका येतेय.

डाळिंबदादा

आला की ओ तिथं घोळ. आरओ काय करतं, पाणी गाळून गोड तुम्हाला आणि खार सगळा त्या पाइपात. बोअर आधीच क्षारयुक्त, वर आरओतून दीडपट दुप्पट जड झालेलं पाणी तुम्ही रोज एकाच झाडाला पाजताय. बुंध्याजवळ माती वाळली की पांढरी पापडी दिसते का बघा.

आसराचौकवाली

दिसते. मला वाटायचं बुरशी आहे. हळद टाकली होती त्यावर.

कडकभाकरी

सासऱ्यांनी हळद समजून कापलं, सुनेनं हळद टाकली. झाड कन्फ्यूज झालं असणार.

बॉटनीवाले काका

हसून घ्या, पण दादांचं म्हणणं शंभर टक्के. ताई, पानं नीट बघा, दोन्ही जळण्यात फरक असतो. उन्हानं भाजलेलं पान मध्येच भाजतं, जिथं ऊन पडलं तेवढाच चट्टा, पिवळ्या भागावर, आणि वरची उघडी पानं आधी. क्षारानं जळलेलं पान शेंड्यापासून आणि कडेनं आत जळत येतं, आणि जुनी खालची पानं आधी. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही असणार. पावसाळ्यात झाड सुधारतं त्याचं कारण नुसती गार हवा नाही, पावसाचं पाणी मातीतला खार धुऊन खाली नेतं, म्हणून जुलै ते दिवाळीची पानं स्वच्छ येतात.

आरओचा पाइप आजच काढा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरा, झाडाला नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही नको, त्यात तर आठवडाभर पाणी उडून उडून खार साठलेला असतो, कूलरच्या जाळीवर पांढरं चढतं ते तेच. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, फक्त आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते पडतं थोडंच, दमट दिवस आले की बादली भरते. नळाचं पाणी येईल त्या दिवशी एक पिंप बाजूला ठेवता आलं तर त्यातलं द्या. आणि रोज तांब्या-तांब्या देऊ नका, त्यानं वरची दोन बोटं ओली होतात आणि खार वरच साठतो. दोन-तीन दिवसांनी एकदा पण भरपूर, खालपर्यंत जाईल असं.

डाळिंबदादा

आणि ती काळी माती. मे मध्ये तिला भेगा पडतात हात जाईल एवढ्या, त्यात मुळं तुटतात, आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते तेव्हा गड्डा कुजायची भीती. वाळू मिसळा म्हणून कुणी सांगेल, थोडी वाळू मिसळून काही होत नाही, उलट विटेसारखी होते. फूटभर उंच वाफा करा, पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं, थोडी निंबोळी पेंड. वरून उसाचं पाचट चार बोटं जाड. आपल्या जिल्ह्यात पाचटाला काय तोटा, शेतकरी पेटवून देतात, मागितलं तर कुणी पण देईल. त्यानं भेगा पडत नाहीत, ओल टिकते, वर्षात कुजून खत. डाळिंबाला आम्ही हेच करतो. पाचट फक्त दांड्याला चिकटवू नका, वीतभर लांब, नाहीतर वाळवी.

आसराचौकवाली

मग आत्ताच काढून पूर्वेला हलवू का? पूर्वेला आमच्या बोळात जागा आहे, दहा-अकरापर्यंत ऊन असतं तिथं.

बॉटनीवाले काका

आत्ता अजिबात नाही, मे महिन्यात गड्डा उकरलात तर मग खरंच मरेल. मृग निघू द्या, एकदोन चांगले पाऊस होऊन जमीन थंड होऊ द्या, मग हलवा. तोपर्यंत पश्चिमेच्या बाजूला उभी हिरवी जाळी बांधा, पन्नास टक्के ऊन अडवणारी. लोक डोक्यावर बांधतात, तुमचं ऊन कडेनं येतंय त्यामुळं डोक्यावर बांधून काही उपयोग नाही, पडद्यासारखी उभी.

जळलेली पानं अख्खी काढू नका, दिसायला वाईट दिसलं तरी जेवढं हिरवं उरलंय तेवढं ते गड्ड्याला पोसतंय. फक्त तपकिरी भाग कात्रीनं पानाच्या आकारात कापा. उन्हाळ्यात पानांच्या खाली बारीक पिवळे ठिपके आणि जाळं दिसलं तर लाल कोळी आहे, कोरड्या हवेत तो येतोच, सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला तरी पुष्कळ कमी होतो.

हलवताना गड्ड्याचे फार तुकडे करू नका. एका तुकड्याला निदान दोन-तीन दांडे हवेत. बारीक तुकडे केले की जगतात पण फुलायला परत वर्षं लागतात. आणि हलवताना उभे दांडे कापायचे नाहीत हे आता सांगायला नको. पानं अर्धी छाटली तरी चालेल, दांडा उभा राहिला पाहिजे. वाऱ्यानं हलू नये म्हणून काठी बांधा.

जाता जाता एक, जपानच्या ओकिनावा बेटांवर याच जातीच्या साध्या हिरव्या झाडाच्या पानांत तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ गुंडाळून वाफवतात. तुमच्या चिपळूणच्या बहीणबाईंना सांगा, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची चुलत भावंडं निघाली की नाही ही.

कडकभाकरी

काका, आता ताई बागेत फूल सोडून पातोळ्या करत बसतील.

बाकी मी माझं म्हणणं मागे घेत नाही. जाळी, पाचट, पिंप, चिलेटेड काय काय, एका झाडासाठी एवढा कुटाणा, आमच्या गल्लीत माणसांना पाणी नाही. पण करा, हौसेला मोल नसतं. फूल आलं तर फोटो टाका, नाही आलं तर मी तगरीची फांदी फुकट देतो.

आसराचौकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. पाइप काढला आजच. जाळी उद्या. सासऱ्यांना काकांची पोस्ट दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले "मग आधी सांगायचं नाही का", म्हणजे जणू मला माहीत होतं आणि मी लपवलं. असो. विळा मी पोटमाळ्यावर टाकलाय.

आसराचौकवाली

नमस्कार, आठवतंय का कुणाला? अकरा महिन्यांनी लिहितेय, एप्रिल संपत आला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्वेच्या बोळात हलवलं. वाफा केला, फूटभर नाही जमला, वीतभर उंच झाला. पाचट भावाच्या मित्राच्या शेतातून दोन पोती आलं, गाडीच्या डिकीतून, ह्यांनी अजून मला त्यावरून बोलणं सोडलेलं नाही कारण डिकीत अजून काड्या निघतात. पावसाळ्यात नऊ फुटवे आले. त्यातला एक पूर्ण हिरवा होता, चिकूखाली ताईंचं आठवून काढला, काढताना जीवावर आलं. लोहाचं एकदा जुलैत आणि एकदा ऑक्टोबरात दिलं, हिरवा रंग खरंच गडद झाला, पट्टे त्यामुळं जास्तच उठून दिसतात. संक्रांतीला सासरे बागेत गेले तेव्हा मी मागे मागे गेले, ते नुसते बघून आले, पण हात शिवशिवत होते हे कळत होतं.

हलवल्यावर जुन्यातले तीनच दांडे टिकले होते, बाकीचे वाळले. त्या तिघांतल्या एकाच्या शेंड्याला मार्चच्या शेवटी एक लांबट हिरवट पुडी दिसायला लागली, मला वाटलं पानच आहे. परवा ती फुटली. एकच झुपका आहे, बहिणीच्या मानानं निम्मासुद्धा नाही, दोन कळ्या उमलल्यात आणि एकीला मुंग्या लागल्यात. पण आलं!! बहिणीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, ती म्हणाली एवढंच? म्हटलं एवढंच, पण सोलापुरात.

पानं यंदाही कडेनं जळलीत, ते खोटं नाही सांगणार. बोअरचं पाणी शेवटी द्यावंच लागतं. पण चट्टे नाहीत.

सासरे येणाऱ्या प्रत्येकाला घेऊन जाऊन दाखवतात आणि सांगतात की याला कापायचं नसतं, लोकांना माहीत नसतं, हळद समजून कापतात.

बॉटनीवाले काका

वा! फूल संपलं की तेवढा एकच दांडा खालून कापा. तो मान सासरेबुवांनाच द्या.

डाळिंबदादा

बरं झालं ताई. पाचट दरवर्षी नवीन टाकत जावा, जुनं कुजून खाली बसतंय. मे मध्ये अजून एक थर द्या.

चिकूखाली

किती छान!!! मुंग्यांना काही करू नका, गोडासाठी येतात, माझ्याकडेही येतात. झुपका संपेपर्यंत राहतात आणि जातात.

कडकभाकरी

हरलो ताई. फोटो मात्र टाकला नाहीत.

आणि एक विचारायचं होतं, आमच्या घराच्या पूर्वेला जिन्याखाली थोडी जागा आहे, सकाळचं ऊन येतं. बायकोनं हा सगळा धागा वाचला. जूनमध्ये गड्डा काढणार असाल तर दोन-तीन दांड्यांचा एक तुकडा बाजूला ठेवता का? बदल्यात तगर देतो.

आसराचौकवाली

तगर आहे माझ्याकडे दादा 😄 यंदा नाही काढणार, आत्ताच कुठं स्थिरावलंय. पुढच्या मृगाला आठवण करा, तुमच्या नावाचा तुकडा बाजूला. येताना दोन पोती पाचट घेऊन या, डिकीतून, तुमच्या.